मागीलदार ते विहीर : साठ पावलांचा प्रवास

मुलांनो, प्रवासवर्णन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आगगाडी, बोगदे, बर्फाचे डोंगर, नाहीतर एखादा भलामोठा किल्ला. खरं ना? आज मी तुम्हांला जो प्रवास घडवणार आहे तो मोजून साठ पावलांचा आहे. म्हणजे माझ्या साठ पावलांचा. वाटाड्याच्या पावलांनी मोजलात तर दीडशेच्या आसपास भरतील, कारण आपला वाटाड्या चार वर्षांचा आहे. आणि वेळ? एकटी गेले तर मी मिनिटभरात पोहोचते. वाटाड्याबरोबर सकाळी आठला निघून साडेनऊला पोहोचलो, तर लवकर पोहोचलो म्हणायचं!

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुका आहे. दापोलीहून घाट उतरून हर्णैला यायचं, तिथून खाडीवरचा पूल ओलांडला की आंजर्लं. पूर्वी ही खाडी होडीनं ओलांडावी लागायची. बाहेरगावचे लोक इथे येतात ते कड्यावरच्या गणपतीला आणि समुद्रावर. आपण मात्र त्या दोन्हींकडे न जाता गावातल्या एका कौलारू घरात शिरणार आहोत. ओटी, माजघर, स्वयंपाकघर असं सरळ चालत गेलं की मागचं दार लागतं. कोकणात घरामागच्या या जागेला ‘मागीलदार’ म्हणतात. दारापलीकडे थोडं मोकळं अंगण, त्यापुढे नारळी-पोफळींचं आगर, आगराच्या मध्यावर विहीर आणि शेवटी जांभ्या दगडाचा गडगा. गडग्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. वारा नसला तरी त्याची गाज ऐकू येतेच.

हे घर माझ्या माहेरचं. वाटाड्या म्हणजे माझी भाची चिमी. दिवाळीच्या सुट्टीत जवळजवळ तीन आठवडे मी तिच्या हाताखाली होते. हो, हाताखालीच. आगरात कुणी कुठे उभं राहायचं, हे तीच ठरवते. तिच्यावरही दोनच हुकूम चालतात, ते आजीचे. विहिरीभोवती पांढऱ्या दगडांची एक रांग मांडली आहे. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय त्या रांगेच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा पहिला हुकूम. आणि झावळ्यांच्या ढिगाला हात लावायचा नाही, हा दुसरा. ढीग हलवायचा झाला तर मोठ्यांनी आधी काठीनं धोपटायचा, म्हणजे आत कुणी वेटोळं घालून बसलं असेल तर त्याला निघून जायला सवड मिळते.

चला तर. चपला घाला आणि माझ्या मागून या. पण घाई करायची नाही हं!

पहिला मुक्काम अगदी दाराशीच आहे. न्हाणीचं पाणी एका छोट्या पाटानं बाहेर येतं आणि तिथेच अळूचं बन माजलेलं असतं. एकेक पान सुपाएवढं. पलीकडे लाल-पिवळी कर्दळ, आणि पाट पुढे जातो तो केळींकडे. आंघोळीचं पाणी वाया घालवायचं नाही ही कोकणातली जुनी रीत. तुम्ही म्हणाल, कोकणात एवढा पाऊस, मग पाण्याची काय कमतरता? गंमत तीच आहे. दापोली भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. जमीन उताराची आणि जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे पाणी मुरतं आणि बघता बघता समुद्राला जाऊन मिळतं. मे महिन्यात याच विहिरीचा तळ दिसतो. तेव्हा न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी तग धरून असतात.

चिमीचा अळूशी रोजचा खेळ आहे. ओंजळीत पाणी घ्यायचं आणि पानावर सोडायचं. पाणी पसरत नाही, भिजवत नाही. त्याचे चांदीसारखे गोळे होतात आणि पान हलवलं की इकडून तिकडे पळतात. अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे अगदी बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणासारखा थर असतो. पाण्याचा थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर तरंगत राहतो आणि जाता जाता पानावरची धूळ गोळा करून नेतो. म्हणून तर अळूचं पान नेहमी धुतल्यासारखं दिसतं. चिमीला हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “पानाला आंघोळ नको असते.” झालं! माझ्या दहा वाक्यांचं तिनं एका वाक्यात काम केलं. (पुढचे दोन दिवस तिलाही आंघोळ नको होती, ती गोष्ट वेगळी.)

पान नुसतं हलवायचं, मोडायचं मात्र नाही. अळूच्या देठात आणि पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते टोचतात म्हणून खाज सुटते. अळूच्या भाजीत चिंच नाहीतर आमसूल का घालतात ते आता आईला विचारा.

इथून चार पावलांवर दुसरा मुक्काम. पागोळ्यांच्या आतल्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी पोहोचत नाही, तिथे बारीक कोरडी वाळू असते. त्या वाळूत तुम्हांला रुपयाच्या नाण्याएवढे, फनेलच्या आकाराचे खड्डे दिसतील. एकही खड्डा पायाखाली जाऊ देऊ नका, कारण प्रत्येकाच्या तळाशी एक शिकारी बसलेला आहे! इंग्रजीत त्याला अँटलायन म्हणतात, म्हणजे मुंग्यांचा सिंह. हा उलटा चालत, गोल गोल फिरत वाळू उडवून खड्डा करतो आणि तळाशी नुसते जबडे बाहेर ठेवून दडून बसतो. मुंगी काठावरून घसरली की वर चढायची धडपड करते, आणि हा खालून तिच्यावर वाळूचा मारा करतो. मोठा झाला की तो चतुरासारखा दिसणारा, पंखांचा, रात्री उडणारा कीटक होतो. हा तोच म्हणून सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

इथे आजीचा एक नियम आहे, आणि मला तो फार आवडतो. मुंगी आपण ढकलायची नाही. आपणहून पडली तर बघायचं, बाहेर निघाली तरी बघायचं. त्यामुळे होतं काय, चिमी वीस-वीस मिनिटं पोटावर पालथी पडून वाट बघते. चार वर्षांचं मूल वीस मिनिटं गप्प! आई-बाबांनो, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच सांगते, त्या वेळी “काय दिसलं?” म्हणून विचारू नका. शेजारी पालथं पडा.

आता तुम्ही मान वर करा. काय दिसतं? आभाळ. भरपूर ऊन. मी लहान असताना इथून आभाळ दिसत नसे. मागच्या दारातून बाहेर पडलं की हिरव्या अंधारात शिरल्यासारखं वाटायचं. वर माडांच्या झावळ्या, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढलेले मिरीचे आणि नागवेलीचे वेल, त्याखाली जायफळ, केळी, आणि अगदी तळाशी अननस. एखाद्या इमारतीचे मजलेच जणू. भर मे महिन्यातही अंगणात घोंगडी टाकून आम्ही पत्ते कुटत बसायचो.

३ जून २०२० या दिवशी ‘निसर्ग’ नावाचं चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. श्रीवर्धन, दिवेआगर आणि खाली दापोली, मंडणगडचा किनारा त्याच्या तडाख्यात सापडला. करोनाचे दिवस होते, माणसं घरातच होती. आमच्या घराची कौलं उडाली, ती पुन्हा बसवता आली. आगराचं तसं नव्हतं. पोफळी सडपातळ, त्या मधोमध काडीसारख्या मोडल्या. काही माड मुळांसकट आडवे झाले, काहींची नुसती शेंडी उडाली.

तुम्ही म्हणाल, शेंडी उडाली तर पुन्हा फुटेल की! आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. पण माड आणि पोफळ यांची वाढ एकाच ठिकाणी होते, अगदी शेंड्यावरच्या एकुलत्या एका कोंबात. तो कोंब गेला की झाड उभं असलं तरी संपलं. कितीतरी दिवस असे बिनडोक्याचे माड किनारपट्टीला उभे होते. आणि नवीन लावायचे म्हटलं तर पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं, माडाला सहा-सात, कधी त्याहूनही जास्त. जायफळालाही सात-आठ वर्षं लागतात. एका दुपारचं नुकसान असं दहा वर्षांचं होतं.

आई, म्हणजे चिमीची आजी, त्यानंतर मागचं दार उघडायची नाही. भांडी घासायला, कपडे वाळत घालायला, सगळ्याला पुढचं अंगण. “तिकडचं ऊन बघवत नाही,” म्हणायची.

चिमीचा जन्म २०२१ सालचा. तिनं ती सावली पाहिलेलीच नाही. तिच्या लेखी आगर म्हणजे ऊनच! रांगायला लागली ती मागच्या उंबऱ्याकडेच धावायची, आणि तिच्यामागे धावायला घरात दिवसभर असणारी आजीच. उंबरा ओलांडला, पायरी उतरली, आणि मग आजीला दारापाशी थांबून चालेना. तोडलेल्या माडांचे बुंधे आजही आगरात आहेत. आजीला प्रत्येक बुंधा ओळखू येतो. हा शहाळ्याचा, हा आजोबांनी लावलेला, हा वाकडा. चिमीनं त्यांच्या खुर्च्या केल्या आहेत. “ही आत्याची खुर्ची, ही बाबांची, ही मांजराची.” वाकड्यावर कुणी बसायचं नाही, तो पाहुण्यांसाठी आहे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला थोडं कसंसंच झालं. आजी मात्र बिनतक्रार आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि शेंगा सोलू लागली.

विहिरीच्या वाटेवर एक माड अजून आडवा पडलेला आहे. त्यावरून चालणं हा आपल्या प्रवासातला पूल. माडाच्या खोडावर आडवे वळ दिसतात ना? झावळी गळून पडली की तिच्या जागी असा वळ राहतो. माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते, म्हणजे बारा वळांना एक वर्ष धरलं तर झाडाच्या वयाचा अंदाज लागतो. शेंड्याकडे वळ एकमेकांना इतके चिकटून येतात की बोटानं चाचपावं लागतं. चिमीची मोजणी “अकरा, बारा, चौदा, वीस” अशी असल्यामुळे त्या माडाचं वय रोज बदलतं.

आणि ऊन आलं म्हणून जे आलं, तेही बघायला हवं. दाट सावलीत जे कधी झालं नसतं ते आता इथे होतं. मिरच्या, वाल, भेंडी, भोपळ्याचा वेल, झेंडू. झेंडूवर फुलपाखरं. वालाच्या मांडवावर शिंजीर. हा निळा-जांभळा चिमुकला पक्षी वाकड्या चोचीनं फुलातला मध पितो आणि सारखा चिवचिवत असतो. आजीनं आयुष्यभर पोफळी शिंपल्या, पण भाजीचा वाफा तिनं साठी उलटल्यावर पहिल्यांदा केला, आणि तोही चिमीसाठी.

तो वाफा म्हणजे आपला तिसरा मुक्काम. लांबी दोन हात, रुंदी एक हात. मालकीण चिमी. तिचं पीक म्हणजे मेथी. समुद्राकाठच्या गावांत वाळूत मेथी लावायची पद्धत आहे. बी टाकलं की दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि पंधरा दिवसांत बोटभर उंचीची कोवळी मेथी मुळांसकट उपटून जुड्या बांधता येतात. लहान मुलासाठी याहून चांगलं पीक नाही. वाट बघायची, पण फार नाही!

पण चार वर्षांचं मूल बी पेरतं कसं, ते पाहिलंय का तुम्ही? मूठ भरायची आणि एकाच जागी रिकामी करायची. आजीनं त्यावर काय केलं, तर मूठभर मेथी पाच-सहा मुठी वाळूत मिसळून दिली. आता चिमीनं कितीही मुठी रिकाम्या केल्या तरी बी विरळच पडतं. राजगिऱ्यासारखं बारीक बी मोठी माणसंसुद्धा असंच पेरतात.

दुसरी अडचण याहून मोठी. पेरलं की लगेच उकरून बघायचं! रागावून काही उपयोग नाही, कारण आत काय चाललंय हे बघावंसं वाटणारच. तुम्हांला नाही वाटत? आजीनं एक करवंटी घेतली, तिला खाली भोक होतंच, तिच्यात वाळू घातली, आठ-दहा दाणे टाकले आणि सांगितलं, “अगो, ही तुझी उकरायची करवंटी. वाफा उकरायचा नाही, करवंटी रोज उकर.” पहिल्या दिवशी दाणा फुगलेला, दुसऱ्या दिवशी पांढरी शेपटी, तिसऱ्या दिवशी शेपटी खाली वळलेली. चिमीनं मला खाजगीत सांगितलं, “त्याला पाय आधी येतात, मग डोकं.” बरोबरच आहे की! कुठलंही बी रुजताना आधी मूळ येतं, मग कोंब. चौथीच्या पुस्तकातलं वाक्य तिनं वाळूत वाचलं.

हत्यारांबद्दल एक सांगते. दुकानात मिळणारी रंगीत प्लॅस्टिकची फावडी-खुरपी दोन दिवसांत मोडतात आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. त्यापेक्षा घरातला जुना मोठा चमचा आणि बुडाला भोकं पाडलेला डबा द्या. आमच्या चिमीची झारी म्हणजे असाच एक डबा आहे. अर्धं पाणी वाटेत सांडतं, पण वाटेवर अबोली आहे, तिचं फावतं.

चौथा मुक्काम लिंबाचा, आणि इथे आम्ही सगळ्यांत जास्त वेळ अडकलो. आजीनं दोन वर्षांपूर्वी लिंबाचं रोप लावलं होतं, ते जेमतेम माझ्या कमरेएवढं झालं होतं. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या पानांवर पाच सुरवंट दिसले. तीन लहान, ते तर अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे. ते सोंग मुद्दामच असतं, पक्ष्यांना खावंसं वाटू नये म्हणून. दोन मोठे, हिरवेगार, करंगळीएवढे. काडीनं जरासं डिवचलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर आली आणि असा काही उग्र वास सुटला की चिमी दोन पावलं मागे! ही शिंगं खरी शिंगं नव्हेत, घाबरवण्यासाठी बाहेर काढायचा मऊ अवयव आहे तो.

हे सुरवंट कॉमन मॉरमॉन नावाच्या काळ्या फुलपाखराचे. याचाच मोठा भाऊबंद म्हणजे नीलवंत, ब्लू मॉरमॉन, आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. २०१५ साली महाराष्ट्रानं ते जाहीर केलं. असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. दोघांच्याही अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात.

आजी म्हणाली, “काढून टाका ते. आठ दिवसांत झाडाचा खराटा करतील.” ते खरंच होतं, दोन फांद्यांवर एकही पान उरलं नव्हतं. चिमी म्हणाली, “त्यांना भूक लागलीय.” तेही खरं. आता तुम्हीच सांगा, काय करायचं? आजीनं त्या लिंबासाठी उन्हाळ्यात लांबून पाणी आणलं होतं. आधीच एवढं गमावलेल्या आगरात एकेक झाड तिला मोलाचं. आणि चिमी तर सुरवंटांना नावं ठेवून बसलेली! दुपारभर घरात अबोला होता. चिमी जेवली नाही.

संध्याकाळी आजी स्वतःच उठली. कढीपत्त्याच्या झाडाखाली पडलेल्या बियांची रोपं उगवतात, बुलबुल फळं खाऊन बिया टाकतात त्यांचीही उगवतात. अशी वीसेक रोपं गडग्याच्या कडेला नुसतीच माजली होती. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, त्यामुळे या सुरवंटांना बहुतेक वेळा दोन्ही चालतात. आजीनं तीन लहान सुरवंट पानांसकट खुडले आणि त्या रोपांवर नेऊन ठेवले. मोठे दोघं लिंबावरच राहिले. “त्यांचं खाऊन होत आलंय,” ती म्हणाली, “आता किती खातील? एक फांदी त्यांची.” चिमीनं त्या फांदीला लाल दोरा बांधला.

तीन दिवसांत दोघांनीही कोश केले. पानासारखा हिरवा कोश, आणि पडू नये म्हणून कमरेला रेशमाच्या धाग्याचा पट्टा. आम्ही रोज सकाळी हजेरी घेत होतो. अकराव्या दिवशी एक कोश काळपट पडला, आतले पंख बाहेरून दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटला आणि ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं. पंख सरळ होऊन वाळेपर्यंत तास-दीड तास ते तिथेच लटकून होतं. काळ्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, म्हणजे नर. मग ते उडालं, वालावरून गेलं, गडग्यापलीकडे गेलं. चिमीनं टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही, नुसती तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

दुसरा कोश तसाच होता. तपकिरी पडला. चार दिवसांनी त्याला एक बारीक भोक दिसलं आणि त्यातून मुंगीहूनही लहान, चमकत्या रंगाच्या माश्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. या गांधीलमाशीच्या अगदी लांबच्या, पिटुकल्या नातेवाईक. त्या कोशाला टोचून आत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतलं सगळं खाऊन टाकतात. चिमी रडली. खूप रडली. मी म्हणणार होते की फुलपाखरू आधीच उडून गेलं असेल, पण आजीनं मला डोळ्यांनी दटावलं आणि तिला खरं काय ते सांगितलं. “अगो, त्या माश्या नसत्या तर सगळ्याच सुरवंटांची फुलपाखरं झाली असती, आणि माझ्या लिंबाला पानच राहिलं नसतं.” चिमी बराच वेळ आजीच्या मांडीवर पडून होती. मग नाक पुसून म्हणाली, “त्यांना पण भूक लागली होती?” आजी “हो” म्हणाली. त्यानंतर दोन दिवस आम्ही लिंबाकडे गेलो नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आमच्याकडे कुठलं आगर आणि कुठली विहीर, आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर! बरं, खिडकी आहे ना? श्रीखंडाचा रिकामा डबा, बुडाला चार भोकं, त्यात वाळू आणि माती निम्मी-निम्मी, आणि स्वयंपाकघरातली मेथी. धणे लावायचे असतील तर आधी तळहातानं रगडून त्यांचे दोन भाग करा, एकेका धण्यात दोन दोन बिया असतात. आणि कुंडीत कढीपत्ता जरूर लावा. शहरातसुद्धा गच्चीत, खिडकीत या काळ्या फुलपाखराची मादी तो शोधत येते आणि कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर अंडं घालून जाते. घरात धाकटं भावंड असेल तर त्याला एक उकरायची करवंटी द्यायला विसरू नका. मातीत हात घातला की साबणानं धुवायचे, आणि पिवळ्या कण्हेरीसारख्या विषारी झाडाचं काहीही तोंडात घालायचं नाही, एवढं मात्र त्याला आधीच बजावून ठेवा.

चला, पांढऱ्या दगडांची रांग आली. मी आहे बरोबर, या आत. विहीर दिवाळीत काठोकाठ नसली तरी हात दोन हात खालीच असते. कठड्यावर खंड्या बसलेला असेल तर जरा थांबा, तो सूर मारील.

विहिरीच्या पलीकडे केळींचं एक दाट कोंडाळं दिसतंय ना? त्या केळी केळ्यांसाठी लावलेल्या नाहीत. त्यांच्या मध्ये वाकून बघा. गडद हिरव्या, चकचकीत पानांची तीन झाडं आहेत. ही जायफळं. वादळात आमचं जुनं जायफळ उन्मळून पडलं तेव्हा त्याच्यावर थोडी फळं पिकून उकललेली होती. जायफळाचं बी वाळलं की रुजत नाही, ताजंच लावावं लागतं. सगळं गाव कौलं गोळा करत होतं तेव्हा आजीनं त्या फळांतल्या बिया काढल्या, वरची लाल जायपत्री सोडवली आणि बिया ओल्या वाळूत पुरल्या. तीन रुजल्या. २०२१च्या पावसात त्या जमिनीत लावल्या. पण लहान जायफळाला ऊन सोसत नाही आणि सावली तर कुठेच नव्हती, म्हणून आधी भोवती केळी लावल्या, आणि केळींना पाणी म्हणून न्हाणीचा पाट इथवर वळवला. आपण निघालो तिथून इथपर्यंत पाण्यानंही हाच प्रवास केलाय.

जायफळाची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी असतात. फळं मादी झाडालाच येतात. बियांपासून वाढवलेलं झाड नर की मादी, हे त्याला फुलं येईपर्यंत कुणालाच कळत नाही, आणि फुलं यायला सहा-सात वर्षं तरी जातात. म्हणून हल्ली लोक कलमं लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं जायफळाच्या चांगल्या जातीही काढल्या आहेत. आजीला हे सगळं माहीत आहे. तरी तिला याच झाडाची झाडं हवी होती.

म्हणजे चिमी दुसरी-तिसरीत जाईल तेव्हा उत्तर कळेल. तीनही नर निघाले तर? असं मी आजीला विचारलं. ती काही बोलली नाही, आळ्यातलं तण काढत राहिली. उत्तर चिमीनं दिलं. तिन्ही मुलीच आहेत, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं आहे, आणि मधलीला परवा तिनं आपली एक रिबीनही बांधली आहे.